कॉटेज मापात आहे, तरी खेळणं का वाटतं?

प्रश्न थोडक्यात असा: १:१२ मापाचं प्लायवूडचं कॉटेज सहा महिन्यांपासून चाललंय. सांगाडा उभा राहिलाय, दारं, खिडक्या, टेबल-खुर्च्या सगळं मोजून केलंय, तरी बघणारा म्हणतो, ‘वा, छान खेळणं!’ बैठकीच्या खोलीतला वॉलपेपर फुगलाय आणि तीच भिंत आत वाकलीय. बाहेरचं दगडकाम, छप्पर, दिवे आणि सजावट बाकी आहे. आता पुढे काय करायचं, आणि शेवटी आत बाहुल्या ठेवायच्या का?

फुगलेला कागद आणि वाकलेली भिंत ही किरकोळ दुखणी आहेत, त्यांच्याकडे मागाहून येते. आधी ते ‘खेळणं’ प्रकरण.

लांबी, रुंदी, उंची तुम्ही बाराने भागलीत. जाडी भागायची राहिली. दहातल्या नऊ घरांत हेच होतं, आणि ते दोन्ही बाजूंनी होतं: जे जाड हवं ते बारीक राहतं आणि जे बारीक हवं ते जाड होतं. तुमच्या भिंती सहा मिलिमीटर प्लायच्या आहेत, म्हणजे खऱ्या मापात ७२ मिलिमीटर. अर्ध्या विटेची भिंतसुद्धा यापेक्षा जाड असते. दगडी कॉटेजची खरी भिंत पंचेचाळीस ते साठ सेंटिमीटरची असते, म्हणजे आपल्या मापात पावणेचार ते पाच सेंटिमीटर. उलट खिडकीच्या पडद्याचं कापड अर्धा मिलिमीटर असेल, तर तो सहा मिलिमीटर जाडीचा पडदा झाला. म्हणजे घोंगडीच! डोळा मोजत बसत नाही, पण त्याला ते खटकतं आणि तो ‘खेळणं’ म्हणून मोकळा होतो.

तेव्हा आधी भिंत जाड करा. अख्खी नाही केली तरी चालेल. भिंतीची जाडी दिसते कुठे, तर दार आणि खिडकीच्या कडेला, तिथे दिसली की पुरे. मी खिडकी असलेल्या प्रत्येक भिंतीला आतून दुसरी भिंत देते. तीन मिलिमीटर प्लाय किंवा फोमबोर्ड (दोन कागदांमध्ये फोम असलेला हलका पुठ्ठा), मूळ भिंतीपासून अडीच-तीन सेंटिमीटर अंतरावर, मध्ये लाकडी ठोकळे. खिडकीची चौकट बाहेरच्या अंगाला राहू द्या आणि आतल्या बाजूने चारी कडांना पट्ट्या लावून खोल कोनाडा करा. उभ्या कडा सरळ न ठेवता आत येताना थोड्या पसरट ठेवल्या तर आणखी छान, कारण जुन्या जाड भिंतींत उजेड आत यावा म्हणून तशाच पसरट कडा ठेवत. खालची फळी रुंद झाली की तिथे एखादं भांडं, एखादं पुस्तक आपसूक बसतं. खोली तीन सेंटिमीटरनी लहान होईल, होऊ द्या. कॉटेजच्या खोल्या लहानच असतात. शिवाय दोन भिंतींमधली पोकळी वायरी लपवायला आयती मिळते.

एक सावधगिरी मात्र आत्ताच घ्या. उघडणारी पुढची बाजू अशी जाड केली की बिजागरीच्या बाजूची आतली कड अडकते आणि भिंत पूर्ण मिटत नाही. ती कड पंचेचाळीस अंशांत तासून घ्यावी लागते किंवा बिजागरी थेट बाहेरच्या कडेला न्यावी लागते. आणि हे दगड चिकटवण्यापूर्वी! घर कुठून उघडायचं हा प्रश्न सगळ्यांत आधी सोडवायचा असतो. नवी दिल्ली ज्यांनी आखली त्या एडविन लट्यन्स यांनी १९२१ ते १९२४ या काळात ब्रिटनच्या राणी मेरीसाठी याच १:१२ मापाचं बाहुलीघर केलं. ते आज विंडसर कॅसलमध्ये आहे. त्यात नळाला पाणी येतं, विजेचे दिवे लागतात, लिफ्ट चालते. पण मला त्यातली खरी हुशारी वाटते ती ही, की बाहेरच्या भिंतींचं अख्खं कवच वर उचललं जातं आणि आतलं घर जागच्या जागी राहतं. तुमचं दर्शनी अंग जड होणार असेल, तर बिजागरीचा नाद सोडून ते खाचेत बसणारं आणि उचलून काढता येणारं करा. मी गेली कित्येक वर्षं तेच करते.

दगडकामासाठी तयार साचे मिळतात, रेझिनच्या पट्ट्या मिळतात. मला अजूनही अंड्यांचा कागदी ट्रेच बरा वाटतो, रंगीत छपाई नसलेला, करड्या लगद्याचा. त्याचे सपाट भाग कात्रीने कापायचे नाहीत, हाताने फाडायचे. फाडलेली कड लगद्यातून विस्कटते आणि तीच दगडाची कड होते. पांढरा लाकडाचा गोंद तुकड्याच्या पाठीला भरपूर लावा, तुकडा भिंतीवर टेकवा आणि ओला असतानाच चमच्याच्या पाठीने कडा आत दाबा, मध्य तसाच फुगीर राहू द्या. पहिले वीस दगड चिखलाच्या गोळ्यांसारखे दिसतात. दिसू द्या. कडा दबलेला, मध्ये किंचित वर आलेला तुकडा वाळला की त्याच्यावर तिरपा उजेड पाडून बघा, मग मी काय म्हणते ते कळेल.

दगडांची मापं एकसारखी नकोत. खरे दगड वीस ते चाळीस सेंटिमीटर धरले, तर आपले सतरा ते तेहतीस मिलिमीटर. कोपऱ्याला मोठे दगड, एका थरात लांब बाजू पुढे, वरच्या थरात आखूड. खिडकीच्या वर एक लांब दगड आडवा, नाहीतर वरची भिंत कशावर उभी आहे असा प्रश्न पडतो. उभे सांधे एकावर एक येऊ देऊ नका, गवंडी ज्याला सांधेमोड म्हणतात ती इथेही पाळायची. एक दिवस वाळू द्या, मग पातळ केलेल्या गोंदाचा एक हात द्या, नाहीतर कागद रंग पिऊन मऊ पडतो. दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, भरायला भिंतीची पुट्टी दह्याइतकी पातळ करून अंगठ्याने सांध्यांत दाबा आणि दगडांवरची ओल्या स्पंजने पुसून घ्या. इथेही जाडीचंच भान ठेवायचं. पुट्टी दगडाच्या बरोबरीने भरली तर भिंत टाइल लावल्यासारखी दिसते. ती जरा आतच राहिली पाहिजे.

रंगाचं एवढंच सांगते: एक करडा रंग सगळीकडे फासू नका. करड्यात कुठे पिवळी माती, कुठे हिरवट, कुठे तपकिरी मिसळून चार-पाच छटा करा आणि दगड सुटे सुटे रंगवा. मग अगदी पातळ काळपट पाण्याचा हात, आणि वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट रंग फक्त उंचवट्यांवर. चमक कुठेही नको. लहान मापात चकाकणारा पृष्ठभाग लगेच प्लास्टिकचा वाटतो, आणि भडक रंग खऱ्यापेक्षा जास्त भडक दिसतो. म्हणून प्रत्येक रंगात थोडा पांढरा किंवा करडा घालून तो उतरवून घ्यायचा.

तावदानांना एक मिलिमीटरचं अॅक्रिलिक वापरलं असेल, तर ती बारा मिलिमीटरची काच झाली, दुकानाच्या दर्शनी भागाला असते तशी. ०.३ ते ०.५ मिलिमीटरची पारदर्शक फिल्म घ्या. आणि ती झटपट चिकटणाऱ्या सुपरग्लूने कधीही चिकटवू नका. माझ्या दुसऱ्या की तिसऱ्या घराच्या सहा खिडक्या मी एका संध्याकाळी त्या गोंदाने बसवल्या आणि खूश होऊन झोपले. सकाळी सहाही तावदानांवर पांढरं धुकं! सुपरग्लूची वाफ फिल्मवर बसते आणि ते पुसून जात नाही. सगळ्या चौकटी उचकटाव्या लागल्या. तेव्हापासून खिडकीला पांढरा गोंद, तोही टाचणीच्या टोकाने.

छपराचा निर्णय उतारावर ठेवा. गवताने शाकारायचं असेल तर उतार निदान पंचेचाळीस अंश हवा, जास्त असेल तर उत्तमच. उतार कमी असला तर खऱ्या गवतात पाणी मुरतं, आणि बघणाऱ्याला कारण सांगता आलं नाही तरी ते घर चुकल्यासारखं वाटतं. तुमचा सांगाडा त्याहून सपाट असेल तर सरळ लाकडी पट्ट्यांचं छप्पर करा. तेही खालून वर, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर चढवून आणि सांधे चुकवून. एकच लक्षात ठेवा, पातळ लाकडी पट्ट्या पाण्याच्या गोंदाने वळतात, तिथे पाणी नसलेला चिकट पदार्थ वापरा.

गवती छपराला लोक झाडूच्या काड्या लावतात आणि ते फसतं. एक मिलिमीटरची काडी म्हणजे बारा मिलिमीटर, बोटाएवढी जाड! छपराच्या खऱ्या बोरूची काडी पाचेक मिलिमीटरची असते, म्हणजे आपल्याला अर्ध्या मिलिमीटरहून बारीक तंतू हवा. काथ्या त्याला चपखल बसतो. दोर उलगडून, विंचरून, दहा-बारा सेंटिमीटरच्या जुड्या करा. वळचणीला आधी एक तिरपी पट्टी ठोका, म्हणजे पहिली ओळ किंचित वर उचललेली राहील आणि वरच्या ओळी तिला घट्ट दाबतील. खरे शाकारणारेही हेच करतात. जुडीचं फक्त वरचं टोक गोंदात, खालचं मोकळं. एकावर एक ओळी चढवत अडीच-तीन सेंटिमीटर जाडी झाली पाहिजे, कारण खरं गवती छप्पर फूटभर जाड असतं. इथे कंजूषपणा केलात तर घराने टोपी न घालता विग घातल्यासारखं दिसेल. आढ्यावर वेगळा थर, त्यावर बारीक काटक्यांची नक्षी. सगळं झाल्यावरच कात्री घ्या आणि वळचण एका रेषेत कापा. काम करता करता कापत गेलं की छप्पर हळूहळू आखूड होतं, हा अनुभव.

छप्पर मात्र दिव्यांच्या आधी चिकटवू नका. जिथे हात पुढे पोचणार नाही ते काम आधी.

दिव्यांना बारा व्होल्टचा अॅडॉप्टर घ्या, घरगुती वीज घराच्या आत आणायचीच नाही. पांढऱ्या एलईडीला साधारण तीन व्होल्ट लागतात. उरलेले नऊ व्होल्ट रेझिस्टरने, म्हणजे वीजप्रवाहाला अडवणाऱ्या छोट्या भागाने, खायचे. सगळीकडे वीस मिलिअँपिअरचा हिशेब सांगतात, त्याने ४७० ओहमचा रेझिस्टर येतो आणि खोली ऑपरेशन थिएटरसारखी उजळते. मी पाच मिलिअँपिअरवर चालवते, म्हणजे १.८ किलोओहम. जुन्या घरातला दिवा वाटतो. उबदार पांढरा, २७०० केल्विनच्या आसपासचा घ्या. प्रत्येक दिव्याची वायर वेगळी मागे काढा, त्यावर नाव लिहा आणि जोड घराबाहेर द्या. भिंतीच्या पोकळीत जोड गाडला आणि तो सुटला, की भिंत फोडण्याशिवाय उपाय राहत नाही. शेकोटीसाठी एक पिवळा आणि एक लाल एलईडी, लुकलुकणारा मिळाला तर तो, त्यांच्यावर कोळशाचे बारीक तुकडे. दिवा दिसू नये, फक्त त्याचा उजेड दगडावर पडावा. शेकोटीच्या तोंडावर काळ्या खडूची पूड कोरड्या ब्रशने वरच्या दिशेने ओढा.

आतल्या भिंतींना वॉलपेपर हवाच का? मी तर तुमच्या जागी असते तर फुगलेला कागद काढून टाकला असता. कॉटेजला गिलावा जास्त शोभतो. पुट्टीत थोडा गोंद मिसळून मिलिमीटरभर थर द्या, ओल्या बोटाने कोपरे आणि खिडकीच्या कडा गोलसर करा, रंगात चिमूटभर पिवळी माती घाला. कोरा पांढरा इथेही नको. कागदच ठेवायचा असेल तर लहान फुगे ब्लेडने चिरून, सिरिंजने पातळ गोंद आत सोडून दाबता येतात. फुगण्याचं कारण बहुधा हे, की कोऱ्या प्लायने गोंदातलं पाणी कुठे जास्त, कुठे कमी प्यायलं. पुढच्या वेळी आधी प्लायला चपडीचा (लाखेच्या पॉलिशचा) किंवा प्रायमरचा हात द्या. नक्षीही तपासा: सहा सेंटिमीटरचं खरं फूल इथे पाच मिलिमीटरचं होतं, आणि भेटवस्तूंच्या कागदावरची फुलं याच्या कितीतरी पट मोठी असतात.

भिंत वाकली त्याचं कारणही तोच कागद. ओला असताना तो पसरतो, वाळताना आकसतो आणि भिंतीला आपल्याकडे ओढतो. सुटी भिंत असती तर दुसऱ्या बाजूलाही तेवढाच थर देऊन वजनाखाली ठेवायला सांगितलं असतं. तुमची चिकटलेली आहे, तेव्हा नव्या आतल्या भिंतीचे ठोकळेच कमी-जास्त जाडीचे करून घ्या आणि नवी भिंत गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून सरळ उभी करा. वाक पोकळीत झाकला जाईल. बाहेरून जो खळगा दिसेल तो दगडांनी भरून निघतो.

लाकडी जमिनीला आइस्क्रीमच्या काड्या चालतात, गोल टोकं कापून. चिकटवण्यापूर्वी रंगवा, कारण गोंदाचा डाग पडला तिथे लाकूड रंग घेत नाही आणि तो फिका ठिपका कायम राहतो. प्रत्येक काडीच्या कडेवरून पेन्सिल फिरवली की फटी आपोआप दिसतात.

आता कापड, कारण सजावटीत लोक सगळ्यांत जास्त इथेच अडकतात. ‘पडदा पडत का नाही, फुगून का उभा राहतो?’ लांबी, रुंदी, जाडी तिन्ही बाराने भागल्या की आकारमान १७२८ पटींनी कमी होतं. आपलं कापड जाडीत भागलेलं नसतं, म्हणून ते ताठ राहतं, आणि ताठरपणावर मात करून खाली ओढण्याइतकं वजन त्या चिमुकल्या तुकड्यात नसतं. म्हणून ते पाडावं लागतं. खूप धुऊन विरलेलं सुती किंवा पातळ रेशीम घ्या. फोमबोर्डवर प्लास्टिकचा कागद ताणा, कापड एक भाग गोंद आणि तीन भाग पाण्यात बुडवून पिळा, चुण्या बोटाने घाला आणि प्रत्येक चुणीच्या दोन्ही बाजूंना टाचण्या रोवा. रात्रभर वाळलं की चुण्या तशाच राहतात. टेबलावरच्या कापडासाठी टेबलाच्या मापाचा ठोकळा घ्या, वर प्लास्टिक, त्यावर ओलं कापड, आणि चारी कोपरे खाली ओढून टाचा. कडा शिवू नका, दुमड म्हणजे पुन्हा जाडी. कडेला गोंदाचं बोट फिरवा आणि वाळल्यावर कापा.

रंगाच्या थराचंही तसंच. दाराला तीन घट्ट हात दिले की दार चौकटीत बसत नाही, मग आपण ते घासतो आणि फट मिलिमीटरभर होते. खऱ्या मापात त्या फटीतून बोट जाईल. पातळ केलेले दोन हात, मध्ये बारीक पॉलिश पेपर. फर्निचरच्या तीक्ष्ण कडाही त्याच कागदाने नुसत्या मोडा, जिथे हात लागतो तिथे जरा जास्त. वस्तू गोंदाने न चिकटवता मेणाच्या कणाने बसवा, म्हणजे विचार बदलता येतो. तो बदलतोच.

बाहुल्यांबद्दल माझं मत: नकोत. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये नार्सिसा थॉर्न यांनी करवून घेतलेल्या ६८ लघुखोल्या आहेत, याच मापाच्या. त्यात माणसं नाहीत. अर्धवट उघड्या दारातून पलीकडची खोली किंवा बाग दिसते आणि कुणीतरी आत्ताच तिकडे गेलंय असं वाटतं. फ्रान्सिस ग्लेसनर ली यांचं उलटं उदाहरण आहे. पोलिसांना घटनास्थळ वाचायला शिकवण्यासाठी त्यांनी १९४० च्या दशकात लघुखोल्या केल्या. त्यात बाहुल्या होत्या, पण त्या मृत व्यक्तींच्या, आणि तिथलं एकेक मोजकं चिन्ह अर्थ घेऊन येतं. इतक्या टोकाला जाण्याची आपल्याला गरज नाही, पण रीत तीच. टेबलापासून किंचित तिरकी सरकलेली एक खुर्ची, जिन्याच्या मधोमध झिजलेला रंग, दाराच्या कडीभोवती मळकट सावली, खुंटीवर एक शाल. एका खोलीत अशा दोन किंवा तीन खुणा. सात-आठ झाल्या की ते वस्तूंचं प्रदर्शन होतं. बाहुली ठेवली की मात्र सगळ्यांची नजर तिच्याकडे जाते, आणि तिच्या चेहऱ्याची जाडी आपल्याला काही केल्या बाराने भागता येत नाही.

या आठवड्यात फक्त एक खिडकी करा. आतून अडीच सेंटिमीटरचा कोनाडा, पसरट कडा, गिलावा, ०.३ मिलिमीटरची फिल्म. बाहेरून टॉर्च मारा आणि खोलीच्या आत डोळा लावून बघा. उजेड भिंतीच्या जाडीवरून घसरत आत येताना दिसला, तर बाकीच्या खिडक्यांची मापं घ्या. दगडांना अजून वेळ आहे.